म्हातारी हा मान होता

‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत ही म्हण रोज कुणीतरी ठणकावून सांगतो आणि ऐकणारे माना डोलावतात. काळ सोकावू नये याची सगळ्यांना काळजी असते. म्हातारी गेल्याचं दुःख नाही, हे मात्र कुणाच्या घशात अडकत नाही. माझ्या अडकतं. म्हणून या आठवड्यात पुढारी, पाणी आणि रस्ते बाजूला ठेवून म्हाताऱ्या बायांना आपण ठेवलेल्या नावांवर लिहिते.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा, पाचही तालुक्यांत फिरून बघा. बाई साठीच्या पुढे गेली की भाषा तिच्यासाठी फार सढळ होते. बुढी, थेरडी, चेटकीण, डाकीण, हडळ, जखीण, सटवी, अवदसा, बोडकी, रंडकी. वाशीम-यवतमाळची हद्द लागून असल्यामुळे वऱ्हाडातली ‘बुढी’ इकडेही मुक्कामाला आहे. आता पुरुषांसाठीचे शब्द काढा. थेरडा, म्हातारडा, बुढा. पुढचा शब्द आठवायला डोकं खाजवावं लागतं. बायांचे शब्द ओठांवरच असतात.

यातला रोजचा शब्द म्हातारी. तो शिवी नव्हता आणि आजही पुरता शिवी झालेला नाही. सत्तरीतला शेतकरी ‘आमची म्हातारी रानात गेलीय’ म्हणतो तेव्हा त्यात सगळा संसार असतो. लेक दवाखान्याच्या पायरीवरून फोनवर सांगतो, ‘म्हातारीला सलाईन लावलंय,’ तेव्हा त्याचा गळा दाटलेला असतो. तोच शब्द हिंगोलीच्या बसस्टँडवर ऐका. गाडी लागते, गर्दी दारावर तुटून पडते आणि खांद्याला बॅग अडकवलेला एखादा पोरगा पुढच्या बाईला म्हणतो, ‘ए म्हातारे, सरक की तिकडं!’ तिच्या शेजारी तिच्याच वयाचा, धोतर-टोपीतला गडी दाराचा दांडा धरून उभा असतो. त्याला हाच पोरगा म्हणतो, ‘मामा, जरा सरकता का?’ घाई तीच, गर्दी तीच. तिला ‘सरक’ आणि त्याला ‘सरकता का’. म्हातारबा येतात, म्हातारी येते. हा फरक आपल्या व्याकरणात इतका मुरलाय की आपल्याला तो ऐकूसुद्धा येत नाही.

आता या शब्दाचं घराणं बघा. म्हातारा-म्हातारी हे संस्कृत ‘महत्तर’पासून आले. महत् म्हणजे मोठा, महत्तर म्हणजे त्याहून मोठा. जुन्या काळी राजे ताम्रपटावर गाव दान लिहून द्यायचे तेव्हा ज्यांना उद्देशून आज्ञा काढली जाई, त्यांत गावचे महत्तर असत. महत्तर म्हणजे गावातली जाणती माणसं, ज्यांना विचारल्याशिवाय बांध हलायचा नाही. याच शब्दातून कोकणात म्हात्रे आडनाव निघालं, उत्तरेत महतो निघाला. ती माणसं आपलं नाव ताठ मानेनं सांगतात. त्याच कुळातली म्हातारी मात्र बसच्या दारात धक्के खाते.

तेराव्या शतकात असं नव्हतं. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी त्यांच्या शिष्या महदाइसेला ‘म्हातारी’ म्हणत. म्हाइंभटाने जमवलेल्या लीळाचरित्रात ते वाचायला मिळतं. ही महदाइसा म्हणजेच महदंबा, ‘धवळे’ रचणारी, मराठीतली पहिली कवयित्री. ती सारखी प्रश्न विचारायची, वाद घालायची, उत्तर पटेपर्यंत सोडायची नाही. म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, अशा शब्दांत स्वामी तिचं कौतुक करत. ज्या काळात बाईला शास्त्र ऐकायची चोरी, त्या काळात एका पंथाचा प्रवर्तक म्हातारी म्हणतो आणि तो शब्द शाबासकीसारखा पडतो! आज एखाद्या घरात सासूने सलग तीन प्रश्न विचारले तर ‘म्हातारीची टकळी सुरू झाली’ असं म्हणतात.

थेरडीची गोष्ट याहून मोठी आहे. संस्कृतातला ‘स्थविर’ म्हणजे वयाने आणि ज्ञानाने पिकलेला, स्थिर झालेला. पालीत त्याचा ‘थेर’ झाला. बौद्ध संघात ज्येष्ठ भिक्खूला थेर म्हणायचे आणि ज्येष्ठ भिक्खुणीला थेरी. मराठीने थेरला ‘डा’ आणि ‘डी’ जोडले. हे शेपूट कुणालाही लावलं की तो माणूस लहान होतो. म्हाताऱ्याचा म्हातारडा होतो आणि थेरीची थेरडी.

पण थेरी कोण होत्या? त्रिपिटकात ‘थेरीगाथा’ नावाचा ग्रंथ आहे. त्यात ७३ रचना आहेत, सगळ्या भिक्खुणींच्या. बायकांनी रचलेल्या कवितांचा इतका जुना संग्रह जगात क्वचितच सापडेल. त्यात राजघराण्यातल्या आहेत, दासी आहेत, लेकरू मेलेल्या आया आहेत, गणिका आहेत. वैशालीची आम्रपाली त्यातच भेटते. जिच्या रूपाची चर्चा राज्याराज्यांत होती ती बाई म्हातारपणी स्वतःचं शरीर डोक्याच्या केसांपासून पायाच्या तळव्यांपर्यंत न्याहाळते, एकेका अवयवाचं काय होतं आणि काय झालं ते सांगते, आणि कुठेही लाजत नाही. सुरकुतीला सुरकुती म्हणण्याची ही हिंमत आजच्या केस काळे करायच्या जाहिरातींना पेलणार नाही.

आमच्या जिल्ह्यात धम्म परिषदा होतात. चौकाचौकांत फलक लागतात आणि त्यावर भदंतांच्या नावापुढे ‘थेरो’, ‘महाथेरो’ अशी बिरुदं असतात. माणसं ते वाचून हात जोडतात, आणि ते योग्यच आहे. त्याच फलकाखालून जाणारी एखादी बाई घरी पोचली की तिला ‘थेरडी आली’ हे ऐकू येतं. एकाच शब्दाची दोन लेकरं. एक मंचावर बसलंय आणि एक चुलीपाशी शिव्या खातंय.

इथे कुणी म्हणेल, बाई, थेरडी हा शब्द सगळ्यात जास्त वापरते ती सून, पुरुष नाही. खरंय. मी ते नाकारत नाही. नव्या सुनेला पहाटे उठवणारी, भाकरीच्या पिठावर नजर ठेवणारी, माहेराचा उद्धार करणारी सासू मी पाहिली आहे, तुम्हीही पाहिली असेल. तिचा राग येतो आणि यावा. पण हिशेब पुरा करा. त्या सासूला आयुष्यभर ना जमीन मिळाली, ना पैसा, ना बाहेर कुणी तिचं ऐकलं. तिच्या हातात आली ती फक्त एक सून आणि धान्याच्या कोठीची किल्ली. जेवढं राज्य मिळालं तेवढ्यावर तिने राज्य केलं. तिच्या सासऱ्याने, नवऱ्याने, दिराने अख्ख्या शेतावर राज्य केलं, पण त्यांच्यासाठी सुनेच्या तोंडी एकही खास शब्द नाही. कारण तो म्हणायची सोय नव्हती.

तुकोबांच्या एका अभंगात आवा आहे. पंढरीला निघते आणि दूध, दही, तूप, लोणी कोण सांभाळील या काळजीने वेशीपासून परत येते. चारशे वर्षं कीर्तनात तिच्यावर लोक हसतात. अभंग मोठा आहे आणि त्यातला रोख संसाराच्या ओढीवर आहे, हे मला कळतं. पण मंडपात बसलेल्या म्हाताऱ्या बायांकडे बघून हसण्याची जी लाट येते तिचं मला काही कौतुक नाही. आवा म्हणजे मूळची अव्वा. शेजारच्या कानडीत अव्वा म्हणजे आई. जिला सगळं घर सांभाळायला दिलं, तिने घराची काळजी केली तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

देवतांचीही गत वेगळी नाही. सटवी ही शिवी ज्या सटवाईवरून आली, ती मुळातली षष्ठी देवी. बाळ जन्मल्यावर पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिणारी. आजही आमच्याकडे पाचवीला पाट मांडतात, वही-पेन ठेवतात, दिवा रात्रभर विझू देत नाहीत. म्हणजे अख्ख्या गावाचं नशीब जिच्या हाताने लिहिलं जातं ती सटवी, आणि भांडणात तोंडातून निघते तीही सटवीच. जखीण ही यक्षिणी. वेरूळच्या बत्तिसाव्या, जैन लेण्यात अंबिका यक्षीची मूर्ती आहे. आंब्याच्या झाडाखाली बसलेली ती बाई बघून कुणाला भीती वाटत असेल तर त्याने सांगावं. डाकीण ही डाकिनी. बौद्ध तंत्रमार्गात ती साधकाला ज्ञान देणारी, वाट दाखवणारी. अवदसा म्हणजे निव्वळ वाईट दशा, अवदशा. तिला आपण साडी नेसवली.

चेटकीण या शब्दाने तर मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. संस्कृतात चेट किंवा चेटक म्हणजे राबणारा नोकर, आणि चेटी म्हणजे दासी. जुन्या नाटकांत राणीची हाक आली की धावत येते ती चेटी. मंत्राच्या जोरावर नोकरासारखं राबवायचं भूत ते चेटूक, आणि ते राबवते म्हणून ही चेटकीण. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात गंगाखेड आहे. तिथली जनाबाई नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली आणि दासीपणाचीच मुद्रा तिने अभंगावर उमटवली. देव तिच्यासोबत दळायला बसला, असं महाराष्ट्र सांगतो आणि डोळे पुसतो. देवाने जिचं दळण दळलं ती संत झाली. देवाची साक्ष काढायला जिच्याकडे अभंग नव्हते, तिचं घर गावाच्या कडेला होतं आणि तिच्या शेजारचं वासरू अचानक मेलं, ती चेटकीण झाली.

हे फार जुनं झालं, असं समजू नका. मराठवाड्यात भानामतीचं भूत अजून पुरतं उतरलेलं नाही. सातपुड्यातल्या गावांत बाईला डाकीण ठरवून मारल्याच्या बातम्या आपण आपल्या हयातीत वाचल्या आहेत. नीट बघितलं तर डाकीण ठरते ती बहुतेक वेळा विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावावर नाहीतर ताब्यात जमिनीचा एखादा तुकडा असतो. भावकीची नजर त्या तुकड्यावर असते.

मंत्र-करणीच्या याच कामासाठी पुरुषाला काय म्हणतात? भगत, देवऋषी, जाणता, महाराज. तो अंगात आणतो, लिंबू कापतो, धागा बांधतो, कोंबडं मागतो आणि वर पैसे घेतो. त्याच्या दारात मोटारसायकलींची रांग लागते. बाईने नुसतं अंगणात बसून पुटपुटलं तरी ती चेटकीण, आणि तिला चेटकीण ठरवून देतो तो हाच देवऋषी. या धंद्यात पुरुषाला फी आणि बाईला दगड, हा दर मला मान्य नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यासाठी वर्षानुवर्षं कायदा मागत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई येते, मंत्राने ती जनावराचं दूध आटवते, असं कुणाबद्दल पसरवणं हा या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे ओट्यावर बसून ‘ती बाई बरी नाही, तिच्या नजरेनं म्हैस आटली’ म्हणणाऱ्याने जामिनाची सोय आधीच बघून ठेवावी. पारावर हे कुणी वाचून दाखवतं का? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हे कुणी रंगवलंय का? मी तरी पाहिलं नाही.

रंगभूमी आणि सिनेमानेही हात धुऊन घेतले. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चिंची चेटकीण आहे. ती आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि पुढे वैभव मांगलेंनी. दोघेही थोर नट, मुलं खूश. पण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना म्हातारीचं वाकडं नाक आणि चिरका आवाज भीतीसाठी शिकवला गेला, तोही पुरुषाच्या अंगावर लुगडं चढवून. मुलांच्या गोष्टींत दुसरी म्हातारीही आहे. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन भोपळ्यात बसून परत येणारी, वाघ-कोल्ह्यांना गुंडाळणारी. ती म्हातारी शाळेच्या स्नेहसंमेलनात जास्त वेळा आली पाहिजे.

ललिता पवारांचं तर विसरताच येत नाही. येवल्याकडची ही गुणी नटी नायिका म्हणून काम करत होती. १९४२ च्या सुमारास चित्रीकरणात भगवानदादांच्या थपडेचा घाव जोरात बसला, तोंडाची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. कामावर झालेली ती दुखापत होती. पुढे तोच डोळा खाष्ट सासूची खूण ठरला आणि दोन-तीन पिढ्यांनी तिला पडद्यावर शिव्या घातल्या. गावोगावच्या बायांना आजही ‘ललिता पवार’ म्हणून टोमणा मारतात. एका बाईच्या जखमेचं नाव दुसऱ्या बाईला शिवी म्हणून चिकटवायचं, यापुढे काय बोलावं?

आता रंडकी. हा शब्द लिहिताना हात थांबतो, पण आमच्या गावांत तो म्हणताना तोंड थांबत नाही, म्हणून लिहिते. संस्कृतातली ‘रण्डा’ म्हणजे विधवा. नवरा मेला एवढीच तिची ओळख, आणि त्यातूनच बाजारू शिवी तयार झाली. बोडकी हा त्याचाच जोडीदार. केस कापून विद्रूप केलेल्या बाईला, ते कुणी कापायला लावले हे न सांगता, बोडकी म्हणायचं. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. त्याआधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की जे दुर्गुण बाईच्या नावावर मांडता ते पुरुषात नाहीत काय. वस्तरा गेला, पुस्तक अभ्यासक्रमात आलं, शब्द मात्र शाबूत राहिला.

आणि तो कुठे शाबूत राहिला, तर हळदीच्या मुलखात. हिंगोलीत संत नामदेवांच्या नावाचं हळदीचं मार्केट यार्ड आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे. मोठ्या अभिमानाच्या गोष्टी. आता ती हळद कुणाच्या हातातून जाते ते बघा. जानेवारी लागला की पाला कापतात, कंद काढतात. बाया वाकून कंद वेचतात, माती झटकतात, गड्डे वेगळे करतात, बोटं वेगळी करतात. मग कुकरात हळद शिजते, अंगणभर पसरते, रोज हलवावी लागते, वाळली की ढोलात घालून पॉलिश होते. या सगळ्यात एक बाई कायम बसलेली दिसते, साठी-सत्तरीची, पांढऱ्या कपाळाची. तिच्या नखांत हळद, तळव्याच्या भेगांत हळद, लुगड्याच्या काठाला हळद. साबणाने दोन महिने निघत नाही.

त्याच घरात संक्रांतीचं हळदी-कुंकू असतं. तिला बोलावत नाहीत. लेकीच्या, नातीच्या लग्नात हळद लागते तेव्हा पहिल्या पाच बायांत ती नसते. ती मागे, भांड्यांपाशी. जिच्या हातांनी क्विंटलवारी हळद मोंढ्यावर गेली तिच्या कपाळाला चिमूटभर हळद चालत नाही. मला तुमच्या सगळ्या शास्त्रांत याचं एक तरी धड कारण दाखवा.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. मंगळसूत्र तोडणं, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं. काही गावांनी केलं, बऱ्याच गावांत कागद फाइलला लागला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, विधवांच्या नावापुढे ‘गंगा भागीरथी’ लावावं अशी कल्पना मंत्रालयातून निघाली. टीका झाली म्हणून ती मागे पडली ते बरं झालं. गं. भा. हे आपल्या लग्नपत्रिकांत आधीपासून होतंच. त्याने कुणाच्या कपाळाची हळद परत आली? ज्या बाईला मांडवात मागे बसवलंय तिच्या नावाला नदी जोडून तिची जागा पुढे सरकत नाही.

सरकारी शब्दांचंही बघू. लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वर्षांच्या बाईसाठी आहे. पासष्ट पूर्ण झाली की बहीण लाडकी राहत नाही. मग तिने गरिबीचे दाखले गोळा करून ‘निराधार’ व्हायचं. हा निराधार शब्द आमच्याकडे इतका रुळलाय की ‘निराधारची पगार झाली का गं?’ असं बाया एकमेकींना सहज विचारतात. चार लेकरं वाढवलेल्या, दोन सुनांची बाळंतपणं काढलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या पोरांची पोरं सांभाळणाऱ्या बाईला आपण निराधार म्हणतो. आधार कोण कुणाचा आहे? तिने एक हंगाम हात वर केले तर कोयत्यावर जाणारी निम्मी बिऱ्हाडं घरातून निघणार नाहीत.

पासष्टीनंतरच्या योजनेचं नाव श्रावणबाळ. म्हातारपणाच्या पैशालाही नाव मुलाचंच! कावडीत बसलेल्या आईचं नाव काय होतं, ते तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल? २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि त्यासाठी दरवर्षी ती जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर अंगठा ठेवायचा. अंगठा उमटत नाही. राखेने भांडी घासून, शेण काढून, निंदून-खुरपून, हळद सोलून रेषा झिजल्या. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, ‘म्हातारे, बोट नीट पुस.’ ती पदराने पुन्हा पुन्हा पुसते. कामाने रेषा झिजल्या त्याचाच पुरावा तिच्या बोटावर आहे, आणि यंत्र म्हणतं तुझी ओळख पटत नाही.

नरसी नामदेव आमच्या जिल्ह्यात आहे. नामदेवांची आई गोणाई. संतांच्या आया बहुतेक चरित्रात एका ओळीत संपतात. गोणाई संपत नाही. पोरगा विठ्ठलाच्या नादी लागून घराकडे बघत नाही म्हणून ती थेट देवाशी भांडते, माझा लेक परत दे म्हणून त्याला धारेवर धरते. नामदेवांच्या गाथेत हे भांडण आहे आणि वारकऱ्यांनी ते सातशे वर्षं जपलं. देवाला ऐकवणाऱ्या या बाईला कुणी कजाग म्हटलं नाही, तिला नावाने ओळखतात. नरसीला जाणाऱ्यांनी हे घरी परत येतानाही लक्षात ठेवावं. कारण आपल्या घरातल्या गोणाईला आपण बऱ्याचदा नावच ठेवत नाही. ती बारक्याची माय असते, पाटलाची म्हातारी असते, खालच्या आळीतली बुढी असते. मयताचा दाखला काढायला गेल्यावर पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आईचं नाव कागदावर काय आहे?

माझं म्हणणं सरळ आहे. म्हातारी हा शब्द टाकू नका, तो मानाचा आहे, फक्त त्याच्यापुढे ‘ए’ लावू नका. बाईला थेरडी म्हणताना थेरी कोण होत्या ते आठवा. चेटकीण आणि डाकीण हे शब्द जिवंत बाईसाठी वापरू नका, तो गुन्हा आहे आणि तक्रार कुणीही करू शकतं. संक्रांतीला पहिलं बोट घरातल्या पांढऱ्या कपाळाला लावा. शेजारणी काय म्हणतील त्याची काळजी करू नका, दोन वर्षं म्हणतील, मग त्याही लावतील.

आणि एक काम या आठवड्यातच करा. वडील वारल्यावर झालेला फेरफार काढून बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर, वडिलांच्या वाट्यात विधवा आईचा हिस्सा प्रत्येक लेकाएवढा आणि लेकीएवढाच असतो. १९९२ पासून नवऱ्याच्या हयातीतही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने ती वाट दाखवली. पण आमच्याकडे तेराव्याचं जेवण उरकलं की कुणीतरी हक्कसोडाचा कागद पुढे करतो आणि म्हणतो, ‘माय, इथं अंगठा दे.’ मशीनवर न उमटणारा तो अंगठा शाईत बुडवला की मात्र बरोबर उमटतो. तुमच्या आईचा असा अंगठा घेतला गेला असेल तर तालुक्याला जाऊन वकिलाला विचारा. घेतला गेला नसेल तर तिचं नाव, पूर्ण नाव, सातबाऱ्यावर आहे की नाही ते तलाठ्याकडून तपासून घ्या, आणि नसेल तर लावून घ्या.